घरात दीर्घ आजार असताना मदतीची दोरी कोणाच्या हातात?

"गोळी घेतलीस का?" हा प्रश्न दीर्घ आजार असलेल्या घरात दिवसातून किती वेळा विचारला जातो, ते एकदा मोजून पाहा. सकाळी बायको विचारते, दुपारी मुलगा फोनवर विचारतो, रात्री बहीण विचारते. विचारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात काळजीच असते. तरी तिसऱ्या वेळी ऐकणाऱ्याला त्यात "तुझ्यावर भरवसा नाही" असं ऐकू येतं, आणि चौथ्या वेळी तो गोळी न घेताच "हो, घेतली" म्हणून मोकळा होतो.

मधुमेह, संधिवात, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, अपस्मार: आजार वेगवेगळे असले तरी ही गाठ बहुतेक घरांत अशीच बसते. घरच्यांमुळे आजारी माणसाला उभारी मिळते की तो खचतो, हे आमच्या मते सगळ्यात जास्त एका गोष्टीवर ठरतं. मदत किती, कधी आणि कशी हवी हे सांगण्याचा हक्क त्याच्याकडे उरला आहे का? उरला असेल तर मदत आधार होते. गेला असेल तर तीच मदत मोठ्या माणसाला लहान मूल करून टाकते. पुढे दिलेली कामं ही दोरी त्याच्या हातात परत देण्यासाठी आहेत.

घरातल्या वातावरणाचा आजारावर परिणाम होतो हे मोजलं गेलेलं आहे. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाला मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांबद्दल एक अनपेक्षित गोष्ट दिसली. आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांची तब्येत पुन्हा बिघडण्याचं प्रमाण जास्त होतं. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले त्या मानाने बरे राहत होते. पुढच्या अभ्यासांत त्यामागची तीन कारणं पुढे आली: सततची टीका, मनातला राग आणि अतिरेकी काळजी. काळजी या यादीत आहे हे लक्षात ठेवा. शारीरिक आजारांचंही असंच आहे. २००४ साली रॉबिन डिमॅटिओ यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा एकोप्याच्या घरांत औषधपाणी आणि पथ्य नीट पाळलं जाण्याची शक्यता १.७४ पट जास्त आढळली, तर भांडणाच्या घरांत ती १.५३ पट कमी. २००५ साली जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी ४२ जोडप्यांच्या हातावर छोट्या जखमा करून त्या किती वेगाने भरतात ते पाहिलं. एकमेकांशी तुसडेपणाने बोलणाऱ्या जोडप्यांत हा वेग इतरांच्या ६० टक्केच होता.

आधी आजाराचं चित्र जुळवा

घरातली निम्मी भांडणं स्वभावाची वाटतात, पण खरं तर प्रत्येकाच्या डोक्यात आजाराचं चित्र वेगळं असतं. हॉवर्ड लेव्हेन्थल या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की माणूस आपल्या आजाराचं चित्र पाच प्रश्नांभोवती रंगवतो. हेच प्रश्न घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न विचारता सोडवायचे. प्रत्येक उत्तर दोन ओळींत, सगळं मिळून १५ मिनिटांत.

१. या आजाराचं नाव काय, आणि त्याची कोणती लक्षणं आहेत?
२. तो कशामुळे झाला?
३. किती काळ राहील?
४. त्यामुळे आपल्या आयुष्यात काय बदलेल?
५. तो कशाने आटोक्यात राहतो?

मग कागद मोठ्याने वाचायचे. वाचताना कोणी कोणाला दुरुस्त करायचं नाही. उत्तरं जुळत नाहीत तिथे फक्त खूण करायची. खुणा केलेल्या मुद्द्यांमधून जास्तीत जास्त तीन प्रश्न निवडून पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचे, आणि शक्यतो दोघांनी मिळून विचारायचे, कारण एकट्याने ऐकून आल्यावर घरी सांगताना उत्तराला आपला रंग चढतो.

फरक बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात सापडतो. "तू रात्री जागायचास म्हणून झालं" हे कारण घरच्यांच्या मनात पक्कं बसलेलं असेल, तर त्यांच्या प्रत्येक सूचनेला शिक्षेची धार येते. रुमेटॉइड आर्थ्रायटिस (संधिवाताचा एक प्रकार) किंवा टाइप १ मधुमेह यांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते, हे एकदा सगळ्यांनी नीट समजून घेतलं तर ती धार बरीच बोथट होते. तिसऱ्या प्रश्नाचा घोळ असा: "रिपोर्ट नॉर्मल आले, आता गोळ्या कशाला?" रक्तदाब किंवा थायरॉइडचे आकडे बहुधा गोळी चालू आहे म्हणूनच नॉर्मल असतात. घरात एकाला हा आजार महिन्या-दोन महिन्यांचा वाटतो आणि दुसऱ्याला जन्मभराचा. दोघेही पथ्यावर, पैशांवर, रजेवर भांडतात आणि मूळ फरक कधीच तोंडावर येत नाही.

दिवसभरात चढउतार होणाऱ्या आजारांत आणखी एक गैरसमज पोसला जातो. संधिवात असलेल्या बाईची बोटं सकाळी तासभर वळत नाहीत, आणि दुपारी तीच बाई टवटवीत दिसते. ज्याने फक्त दुपार पाहिली त्याला सकाळचं दुखणं नाटक वाटतं. यावर उपाय सोपा आहे. सात दिवस, सकाळी उठल्यापासून मूठ पूर्ण मिटेपर्यंत किती मिनिटं लागली ते कॅलेंडरवर लिहायचं. लिहिलेला आकडा घरातल्या कोणालाही पाहता येतो, त्यामुळे तिला रोज स्वतःची बाजू मांडत बसावं लागत नाही.

मदत कुठे वाकडी जाते

चार वाटा आहेत. एका घरात दोन-तीन एकदम सापडणं नेहमीचं आहे.

पहिली पाळत. ताटात काय वाढून घेतलं, आकडा किती आला, चालायला गेला का, सगळ्यावर नजर. मधुमेह असलेली माणसं अशा नातेवाइकांना वैतागून "शुगर पोलीस" म्हणतात. पाळतीचं पर्यवसान लपवण्यात होतं: मशीनवरचा वाईट आकडा सांगितला जात नाही, बाहेर खाल्लेलं घरी कळत नाही. परिणामी घरच्यांचा संशय वाढतो आणि पाळतही वाढते. हे चक्र आजारी माणसाने तोडावं अशी अपेक्षा धरू नका. आधी पाळत ठेवणाऱ्याने मागे यावं लागतं.

दुसरी टीका आणि टोमणे. याबद्दल फार लिहायची गरज नाही, ते ज्याचं त्याला कळतं.

तिसरी अतिकाळजी. "तू बस, मी करते" हे वाक्य रुग्णालयातून आल्यावरचे पहिले १५ दिवस योग्य असतं. सहा महिन्यांनीही तेच ऐकू आलं की माणसाला आपण घरात निरुपयोगी झालो असं वाटायला लागतं. हातपायही खरंच आखडतात, कारण न वापरलेले स्नायू लवकर क्षीण होतात. मग "बघ, तुला जमतच नाही" म्हणायला पुरावाही तयार होतो.

चौथी वाट सगळ्यात कमी दिसते आणि आमच्या मते सगळ्यात जास्त पोखरते: एकमेकांना जपण्यासाठी केलेली लपवाछपवी. नवरा छातीतली कळ सांगत नाही, बायको घाबरेल म्हणून. बायको रडू आवरते, तो खचेल म्हणून. जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ यांनी १९९१ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या पुरुषांच्या बायकांचा अभ्यास केला; स्वतःची काळजी दाबून ठेवणाऱ्या बायकांना मानसिक त्रास जास्त होत होता. लपवलेलं दुसऱ्याला जाणवतंच. ते नेमकं काय आहे हे मात्र त्याला कळत नाही, आणि मन नेहमी खऱ्याहून वाईट काहीतरी गृहीत धरतं.

तुमच्या घरात कोणती वाट आहे हे ओळखायला एक आठवडा द्या. आजारी माणूस आणि सांभाळणारा, दोघांनी वेगवेगळ्या वहीत रोज रात्री दोनच ओळी लिहायच्या: आज घरच्या कोणत्या वागण्याने बरं वाटलं, आणि कशाने जीव गुदमरला. नावापुढे विशेषण नको, घडलेली गोष्ट हवी. "आई नेहमी अविश्वास दाखवते" असं लिहिलं तर पुढे भांडण ठरलेलं. "आईने माझ्यासमोर डबीतल्या गोळ्या मोजल्या" असं लिहिलं तर त्यावर काहीतरी ठरवता येतं. आठव्या दिवशी वह्या समोरासमोर ठेवा. सांभाळणाऱ्याच्या वहीत "बरं वाटलं" खाली असलेली मदत आजारी माणसाच्या वहीत "गुदमरलं" खाली सापडली, तर सुरुवात तिथूनच करा.

कामं कागदावर वाटा

आजारासोबत किती कामं येतात हे बहुतेक घरांना लिहिल्याशिवाय कळत नाही. ज्युलिएट कॉर्बिन आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९८०च्या दशकात दीर्घ आजाराच्या घरांचा अभ्यास करून या कामांचे तीन प्रकार सांगितले: आजाराची कामं, रोजच्या संसाराची कामं, आणि "मी आता कोण आहे" हे पुन्हा लावून घेण्याचं काम. पहिली दोन वाटता येतात. तिसरं ज्याचं त्यालाच करावं लागतं, पण त्यासाठी लागणारा वेळ आणि शांतता घरच्यांनी द्यायची असते.

कागदावर चार रकाने आखा: "मी एकटा", "दोघं मिळून", "दुसरं कोणी", "सध्या कोणीच नाही". कामं बारीक तोडून लिहा. "औषधं" हे एक काम नाही. संपत आलेली गोळी ओळखणं, दुकानातून आणणं, डबी भरणं, वेळेवर घेणं, त्रास झाला तर डॉक्टरांना कळवणं, अशी ती पाच कामं आहेत. तसंच अपॉइंटमेंट घेणं, रिपोर्टांची फाइल तारखेप्रमाणे लावणं, विम्याचे कागद, दवाखान्यात सोबत जाणं, नातेवाइकांना खबर देणं. कोणतं काम कोणत्या रकान्यात जाईल हे आधी आजारी माणूस सांगतो, मग बाकीचे बोलतात. हा क्रम उलटा झाला की सगळी मेहनत वाया जाते.

गोळ्यांचा प्रश्न यातच सुटतो. सात दिवसांच्या कप्प्यांची डबी आणा. आठवड्याचा एक दिवस आणि वेळ ठरवून ती आजारी माणसानेच भरावी. डोळे किंवा बोटं साथ देत नसतील तर दोघांनी मिळून. भरतानाच उरलेल्या पट्ट्या पाहायच्या आणि सात दिवसांपेक्षा कमी पुरतील त्या यादीत लिहायच्या. डबी सगळ्यांना दिसेल पण लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. (काही गोळ्या मूळ पाकिटातून बाहेर काढल्या की खराब होतात, कोणत्या, ते औषधाच्या दुकानात विचारून घ्या.) आता "घेतलीस का?" विचारायचं कारणच उरत नाही, कप्पा रिकामा आहे की भरलेला ते दिसतं. कप्पा भरलेला दिसला तर काय करायचं हेही आधीच ठरवा: उदाहरणार्थ, तासभर थांबायचं आणि एकदाच, चारचौघांत न बोलता, आठवण करायची. गोळी चुकली असेल तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. त्या औषधासाठी काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून आणा.

न दिसणाऱ्या मदतीचं मोल मोठं असतं. २००० साली नायल बोल्गर आणि सहकाऱ्यांनी वकिलीच्या परीक्षेला बसलेली माणसं आणि त्यांचे जोडीदार यांच्याकडून रोजच्या नोंदी घेतल्या. ज्या दिवशी जोडीदाराने मदत केली पण परीक्षार्थीला ती मदत म्हणून जाणवली नाही, तेव्हा त्याला सर्वांत बरं वाटत होतं. आजाराच्या घरात याचा अर्थ असा, की रांगेत उभं राहून फाइल पुढे सरकवून आलात तर तेवढंच करा, किती वेळ उभं राहावं लागलं ते सांगू नका.

आठवड्यातून एकदा, २० मिनिटं

आजाराचं बोलणं दिवसभर सांडत राहिलं की घरात दुसरा विषयच उरत नाही. त्याला एक ठरलेली जागा द्या. आठवड्यातून एक वेळ, घड्याळ लावून २० मिनिटं, टीव्ही आणि फोन बंद. पहिली पाच मिनिटं आजारी माणूस बोलतो, कोणी मध्ये बोलत नाही. पुढची पाच सांभाळणाऱ्याची, तोही स्वतःबद्दलच बोलतो: "मला झोप पुरत नाही", "मला पैशांची भीती वाटते". उरलेल्या दहा मिनिटांत पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल ठरवायचा. एकच. तीन ठरवले की एकही होत नाही, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात आरोपांनी होते.

वेळ निवडताना शरीराचा विचार करा. रक्ताचं डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चारेक तास चालतं, आणि त्यानंतर अनेकांना उरलेला दिवस मान वर करायचं त्राण नसतं. त्या दिवशी बैठक नको. झोपायच्या आधी नको, उपाशीपोटी नको, रिपोर्ट हातात आल्याच्या तासात तर नकोच.

ही बैठक बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोडते, कारण काही बिनसलेलं नसतं आणि "आज राहू दे" होतं. तशा आठवड्यात ती पाच मिनिटांत संपवा पण बसा. फक्त बिघडल्यावर बसायची सवय लागली की "बसू या का?" हे शब्दच धमकीसारखे वाटायला लागतात.

बोलण्यातल्या छोट्या दुरुस्त्या

कोणी त्रास सांगायला लागलं की आपली जीभ उपायाकडे धावते. त्याआधी एकच विचारा: "काही सुचवू, की नुसतं ऐकू?" बहुतेक वेळा उत्तर "नुसतं ऐक" असंच येतं. "काही होत नाही, हिंमत धर" यातून सांगणाऱ्याला कळतं की इथे घाबरायला परवानगी नाही; पुढच्या वेळी तो बोलत नाही. त्याऐवजी "आज फार जड गेलं ना?" एवढं पुरतं.

दुखण्याच्या बाबतीत थोडं बारकाईने वागावं लागतं. दर तासाला "दुखतंय का?" विचारल्याने माणसाचं लक्ष पुन्हा पुन्हा दुखऱ्या जागेवर जातं. जुनाट वेदनेवरच्या अभ्यासांत असंही दिसलं आहे, की कण्हल्यावरच जवळ येणारा आणि एरवी आपल्या कामात असणारा जोडीदार नकळत ते कण्हणंच वाढवतो. याचा अर्थ दुर्लक्ष करा असा अजिबात नाही. वेदनेची पातळी ० ते १० अशी धरा, दाराजवळच्या पाटीवर आजारी माणूस सकाळ-संध्याकाळ आकडा लिहील, आणि सात किंवा त्यावर गेला तर काय करायचं ते आधी ठरलेलं असेल. आणि जवळ बसण्याची, हात हातात घेण्याची वेळ आकडा दोन असतानाही ठेवा. माया मिळण्यासाठी दुखावं लागतं अशी वेळ कोणावर येऊ नये.

नवरा-बायकोत आणखी एक गोष्ट हरवते: शरीराची जवळीक. मधुमेह, रक्तदाबाची किंवा नैराश्यावरची काही औषधं यांमुळे इच्छा किंवा क्षमता कमी होऊ शकते, आणि दोघेही त्याचा अर्थ "आता मी नकोसा झालो" असा लावतात. हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारण्याजोगा आहे. औषध किंवा डोस बदलता येतो का ते तेच पाहू शकतात. स्वतःहून गोळी बंद करू नका.

रागाचा अर्थ लावण्याआधी शरीर तपासा

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असलेला माणूस अचानक चिडला, घामाघूम झाला, काहीबाही बोलू लागला तर वाद घालू नका, साखर मोजा. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर शुद्धीत असताना १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. मोजायची सोय नसेल तर मोजण्यात वेळ न घालवता ग्लुकोज द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड किंवा अकारण उत्साह येतो. हे डॉक्टरांना कळवा, पण गोळी एकदम थांबवणं धोक्याचं आहे. डोस वाढवल्याची तारीख आणि घरातल्या मोठ्या भांडणाची तारीख शेजारी लिहून पाहा, कधी कधी उत्तर तिथेच मिळतं. अशा वेळी उच्चारलेले शब्द खरे धरून महिनोन्महिने मनात ठेवू नका.

मुलांना काय सांगायचं

आईला किंवा वडिलांना आजार असेल तर लहान मुलाच्या मनात तीन प्रश्न असतात, विचारो वा न विचारो: माझ्यामुळे झालं का? मलाही होईल का? माझ्याकडे कोण पाहील? तिन्हींची उत्तरं न विचारता द्या, आजाराचं खरं नाव घेऊन. "बाबाच्या मूत्रपिंडाला रक्त नीट साफ करता येत नाही, म्हणून मशीन ते करतं. तू काही केल्याने हे झालेलं नाही. बाबा दवाखान्यात असेल तेव्हा शाळेतून तुला आत्या आणेल." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आजारानुसार बदलतं, संसर्गजन्य नसेल तर तसं सांगा, आनुवंशिकतेचा भाग असेल तर डॉक्टरांना विचारून, वयाला झेपेल तेवढं. खोटं आश्वासन देऊ नका. मुलाला छोटं काम द्यायला हरकत नाही, पण आईचं मन रमवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका.

मूलच आजारी असेल तर कसोटी वयात येताना लागते. आईवडील थकलेले असतात आणि मूल म्हणतं, "माझं मी बघेन." टाइप १ मधुमेहात या वयात शरीरातले संप्रेरक बदल इन्सुलिनची गरज वाढवतात, त्यामुळे सगळं नीट करूनही आकडे बिघडतात. नेमक्या याच वेळी सगळी जबाबदारी मुलावर सोडली की नियंत्रण आणखी ढासळतं, आणि सगळी काढून घेतली की युद्ध पेटतं. एक-एक काम सुपूर्द करा: पहिले दोन महिने साखर तो मोजेल, डोस दोघं मिळून ठरवतील; ते जमलं की पुढचं काम. आकडा वाईट आला तर "काय खाल्लंस?" विचारण्याऐवजी "आता काय करायचं?" एवढंच. वाईट आकडा खरा सांगितला म्हणून त्याला कधीही ओरडा बसता कामा नये.

आजारी माणसाने करायचं ते

मदत मोजून मागा. "कोणी माझ्यासाठी काही करत नाही" यावर घरच्यांना काहीच करता येत नाही. "बुधवारी चार वाजता तपासणीला सोबत ये" यावर करता येतं. नको असलेली मदत नाकारताना तिच्या जागी हवी ती सांगा: "जिना मी चढेन, फक्त पिशवी तू घे." आपल्या शक्तीचा अंदाज इतरांना कळेल अशी खूण ठरवा. हिरवा, पिवळा, लाल असे तीन चुंबक फ्रिजवर लावून रोज एक पुढे ठेवणं पुरतं. लाल असेल तर कारण सांगावं लागणार नाही, असा घरात करार करा.

लांबचे नातेवाईक फोनवर नवे उपाय सांगत राहतात. घरातल्या एका माणसाला बोलण्यासाठी नेमा; बाकीच्यांनी "त्याच्याशी बोला" एवढंच म्हणायचं.

सांभाळणाऱ्याची तब्येत

सांभाळणाऱ्याच्या विश्रांतीची वेळ उरलीसुरली असून चालत नाही, ती आधी लिहावी लागते: आठवड्यातून किमान एक सलग अर्धा दिवस, ज्या वेळात दुसरं कोणी जबाबदार आहे आणि फोन फक्त तातडीसाठी. बदली माणसाला एका पानावर सगळं लिहून द्या: औषधांच्या वेळा, धोक्याची लक्षणं, डॉक्टरांचा नंबर. ते पान नसतं म्हणूनच "माझ्याशिवाय कोणाला जमणार नाही" हे खरं ठरतं. सतत अपुरी झोप, आजारी माणसाबद्दल घृणा वाटून मग अपराधी वाटणं, स्वतःच्या तपासण्या पुढे ढकलणं, ही भार झेपत नसल्याची लक्षणं आहेत. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजण्यासाठी २२ प्रश्नांची झारिट प्रश्नावली वापरतात; समुपदेशकाकडून ती भरून घेता येते.

बाहेरची मदत कधी

गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटलं असे किती दिवस? प्रत्येक उत्तराला गुण द्या: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी बोलण्याची वेळ झाली आहे. आजारी माणसाने आणि सांभाळणाऱ्यानेही हे प्रश्न महिन्यातून एकदा सोडवावेत. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणं, इन्सुलिन किंवा डायलिसिस मुद्दाम टाळणं, गोळ्या साठवून ठेवणं यासाठी बेरजेची वाट पाहू नका. माणसाला एकटं सोडू नका, औषधांचा साठा हातापासून दूर करा आणि त्याच दिवशी मदत गाठा.

घरात मारहाण असेल, औषध अडवून धरलं जात असेल किंवा पैशांसाठी कोंडी केली जात असेल, तर वरची एकही बैठक तिथे लागू नाही. अशा घरात मन मोकळं केलं की तेच पुढे हत्यार म्हणून वापरलं जातं. तिथे आधार घराबाहेर शोधावा: उपचार करणारी नर्स, रुग्णालयातला सामाजिक कार्यकर्ता, एखादी मैत्रीण, त्याच आजाराच्या रुग्णांचा गट. डॉक्टरांशी दोन मिनिटं एकट्याने बोलायचं आहे असं सांगण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

मदत काढून घेण्याची तारीख

आजार उसळला, रुग्णालयात राहावं लागलं, की घरचे सगळी कामं हातात घेतात, आणि घ्यायलाच हवीत. अडचण नंतर येते: तब्येत सावरते पण कामं परत दिली जात नाहीत, कारण परत द्यायची वेळ कोणी ठरवलेलीच नसते. म्हणून घरी आल्याच्या दिवशीच वाटणीच्या कागदावर तात्पुरत्या प्रत्येक कामापुढे तारीख लिहा. आंघोळीला सोबत: पाच दिवस. डबी भरणं: दोन आठवडे. बँकेची कामं: एक महिना. तारीख आली की आजारी माणूस ते काम एकदा स्वतः करून पाहतो, दुसरा जवळ असतो पण हात लावत नाही. जमलं तर काम त्याचं. नाही जमलं तर कोणीही काही बोलायचं नाही, जुनी तारीख खोडायची आणि शेजारी नवी लिहायची.